बारावी पास

"शिक्षण किती झालं बोललात पोरीचं?" मुरबाडहून आलेल्या देवजीमामांनी पोह्यांची रिकामी बशी खाली ठेवत पुन्हा एकदा विचारलं.

"बारावी," किशोर म्हणाला. "बारावी पास हाय."

समोर खुर्चीत मान खाली घालून बसलेली त्याची मुलगी कुणाली एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय गणित. कल्याणच्या कॉलेजात तिच्या वर्गातली निम्मी मुलं पहिल्याच वर्षी गळाली, ही मात्र तग धरून राहिली. परीक्षा एप्रिलमध्ये. पण आतापर्यंत आलेली सगळी स्थळं तिचं शिक्षण ऐकून चहा अर्धा टाकून उठली होती. उद्या ही आमच्या पोराला विचारील का, असं एका बाईनं तोंडावर सुनावलं, तेव्हापासून घरात ठरलं की बारावीच सांगायचं.

कुणालीला ते मुळीच मान्य नव्हतं. तिनं आईला बजावून ठेवलं होतं, मला विचारलं तर मी खरं काय ते सांगणार. बापाकडून तर तिनं शब्दच घेतला होता, की हे स्थळ मोडलं तर परीक्षा होईपर्यंत दुसरं बघायचं नाही. आणि जमलं तर लग्न मार्चमध्ये. बारावी पास सुनेला एम.एस्सी.च्या परीक्षेला कोण पाठवणार?

मुलगा, प्रणय, आईशेजारी भिंतीला टेकून बसला होता. कंपनीत कायम नोकरी, घरची भातशेती. त्याच्या वाटचं सगळं मामाच बोलत होते, इतकं की मुलाला वाचा आहे की नाही अशी शंका यावी.

"विचारायचं कारण असं," मामा म्हणाले, "आमची माणसं आसनगावला उतरतात. ती बोलतात, स्टेशनला एक रिक्षावाला हाय. जो बसंल त्याला सांगत सुटतो, माझी पोर एमेस्सी करते, गणितात. नाव तुमचंच सांगतात."

किशोरची रिक्षा आसनगाव स्टेशनलाच लागायची. आणि सांगत सुटणारा तोच होता. स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले त्यालाच 'ए एमेस्सी' अशी हाक मारायचे आणि हा खुशाल ओ द्यायचा.

"दुसरा कोणतरी असंल," किशोर म्हणाला. "आमची पोर साधी हाय हो. गणितात तर कच्चीच."

हे बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बापानं आजवर तिच्यापायी अनेकांशी भांडणं केली होती, तिला नाकारलं मात्र कधीच नव्हतं.

मामा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "मग बघूच की," ते हसत म्हणाले. "सांग बाय, चौदा गोण्या तांदूळ हायत. एकेका गोणीत सदतीस किलो. सगळे मिळून किती?"

उत्तर तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. पाचशे अठरा. आता नुसतं तोंड उघडायचं. की मामा उठतील, प्रणय उठेल आणि परीक्षा तिची. उत्तर द्यायलाच म्हणून तिनं मान वर केली आणि तिला बाप दिसला. हवालदारानं रिक्षा बाजूला घ्यायला लावली की त्याचा चेहरा व्हायचा, तसाच झाला होता. हातातला रुमाल तो पिळत होता. चारचौघांत तो खोटा ठरणार होता, आणि तेही तिचं कौतुक केलं म्हणून. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

तिनं अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला आणि मोजायला लागली. ओठ हलवत. मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. उगाच काहीतरी आकडा फेकून चालणार नव्हतं, चूकही पटेल अशी हवी. बारावीची मुलगी कुठे चुकेल? हातचे दोन मिळवायला विसरेल. एवढं जपून गणित तिनं अख्ख्या वर्षात केलं नव्हतं.

"चारशे... अठ्ठ्याण्णव?"

मामांनी मोबाइल काढून गुणाकार केला आणि मांडीवर थाप मारली. "वीस किलो तांदूळ खाऊन टाकलेस की गो. पाचशे अठरा."

सगळे हसले. किशोरही हसला आणि पाणी आणतो म्हणून आत गेला. पाण्याचा तांब्या समोरच होता.

"आमाला पोरगी पसंत हाय," मामा म्हणाले. "मार्चमध्ये उरकून टाकू."

कुणालीच्या आईनं, जनानं, कुंकवाचा करंडा पुढे केला. प्रणयच्या आईनं मुलीला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. कुणाली वाकून सगळ्यांच्या पाया पडली. बाप आतून बाहेर येईपर्यंत तिला थांबावं लागलं.

निघताना प्रणय पडवीत चपला घालायला रेंगाळला. कुणाली दारात उभी होती. आल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. आवाज मऊ होता. माणूस भला असावा, आणि तेच तिला सहन होईना.

"मामांचं मनावर घेऊ नको," तो हळूच म्हणाला. "मलापण नाय जमायचं आधी. मी शिकवीन तुला. पाढ्यांपासून सुरू करू."