जाळीपल्याड

विदर्भाच्या बॅडमिंटन टीममधे एकच जागा उरली होती. म्हून टीम निवडणाऱ्या बापूसाहेबायनं आमची डबल्सची जोडी तोडली अन् मले न् उद्धवले एकमेकाच्या समोर उभं केलं. "जो जितंल थो नागपूरले जाईल," ते म्हणाले. शाळा सोडल्यापासून मले खेळण्याबिगर दुसरं काईच येत नव्हतं.

अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमधली रुई उडून कोर्टावर तरंगून राहिली होती. शेवटच्या पॉइंटले उद्धवनं पिसांचं फूल असं उंच मारलं, का ते त्या रुईतच मिसळलं. खाली यावंसंच वाटेना त्याले. मी मांगं मांगं सरकत रॅकेट उचलली.

"सोड बे! बाहेर हाय!" जाळीपल्याडून उद्धवच वरडला.

आजवर त्याच्या वरडण्यावरच खेळलो होतो, म्हून सोडलं. फूल रेघेबाहेर पडलं. मी जितलो.

माहं डोस्कं सणकलं. "भीक देतं काय बे मले? तुहाच फटका होता ना थो!"

उद्धव अजून वरतंच पाहून राहिला होता.

"भीक कायची? फुलाकडं पायता पायता इसरूनच गेलो बे, का तू तिकडं हायेस."