आत गाडी आहे का?

“मावशी, आत गाडी आहे का?”

पांढऱ्या झेनच्या खिडकीतून तिशीतला एक माणूस विचारत होता. गळ्यात टाय, कपाळावर घाम, गाडीला नागपूरचा नंबर. सत्यशीलाबाई तेव्हा आपल्या पत्र्याच्या फाटकाच्या बिजागऱ्यांत तेल सोडत होत्या. गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटरची कंपनी आल्यापासून हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की आता त्याचा रागही येईनासा झाला होता. येरवड्याच्या त्या गल्लीत तशी रीतच पडली होती. फाटकाआड गाडी असेल तर समोर लावायची नाही, नसेल तर बिनदिक्कत लावायची. माणसं अदबीनं विचारत आणि सत्यशीलाबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या “नाही” म्हणत, आणि मग दिवसभर आपल्याच घरात अंग चोरून शिरत. नवऱ्यानं हौसेनं नऊ फुटांचं फाटक करून घेतलं होतं, त्याचं डावं दार आजवर एकदाही उघडलं नव्हतं.

आज उघडणार होतं. चार वाजता त्यांचा मुलगा आनंद घरातली पहिली गाडी घेऊन येणार होता.

“आत्ता नाही,” त्या म्हणाल्या. “पण चारला येतेय.”

“मग काही प्रॉब्लेम नाही. इंटरव्ह्यू आहे माझा, तीनचा. अर्ध्या तासात येतोच. आणि नाही जमलं तर न्यूट्रलला ठेवतो, हॅण्डब्रेक ओढत नाही. खुशाल ढकलून द्या.”

आडवी लावायची तर ढकलता येईल अशी लावायची, हाही त्याच रीतीतला भाग. एवढं बोलणाऱ्याला काय नाही म्हणायचं? तो पळत कंपनीकडे गेला.

चारच्या ठोक्याला आनंदची मरून रंगाची आल्टो गल्लीत शिरली. फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी होती. पोर्चमध्ये मेणबत्ती, पांढरी फुलं, बुद्धवंदनेची सगळी तयारी. आणि फाटकासमोर झेन तशीच उभी. सत्यशीलाबाईंनी पदर खोचला आणि गाडीला दोन्ही हात लावले. गाडी हलली नाही. आनंद उतरून आला, त्यानंही जोर लावून पाहिला, मग काचेतून आत डोकावला.

“आई, हॅण्डब्रेक ओढलाय यानं.”

घाईत हात सवयीनं गेला असणार, हे सत्यशीलाबाईंना कळत होतं. तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी दार उघडलं आणि गाडी रस्त्यावरच. आल्टोच्या मागं एक रिक्षा येऊन हॉर्न वाजवायला लागली.

समोरच्या गॅलरीतून दीनानाथ हा सगळा प्रकार पेपर बाजूला ठेवून बघत होते.

“फोन लावा की त्याला.”

“इंटरव्ह्यूला बसलाय तो.”

“अस्सं. मग त्याला नोकरी लागेपर्यंत थांबा.”

एवढं बोलून दीनानाथ बाह्या सारत खाली आले. त्यांच्यामागून इस्त्रीवाला कचरू आला. कंपनीतली तिघं चहा प्यायला निघाली होती, तीही थांबली. शेवटी हॉर्न थांबवून रिक्षावालाही उतरला. एक त्याला सोडलं तर यांच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी याच फाटकासमोर गाडी लावलेली होती. दीनानाथांनी तर मुलीच्या लग्नात सलग तीन दिवस. कोणी तसं बोललं नाही, पण हात लावताना कोणी कां-कूंही केली नाही.

“मागनं उचला,” कचरू म्हणाला. “हॅण्डब्रेक मागच्या चाकांनाच असतो, पुढची फिरतील.”

सगळ्यांनी मिळून झेनची शेपटी उचलली. सत्यशीलाबाईंनीही बंपरला हात लावला. त्यांच्यानं फारसं वजन उचललं गेलं नसेल, पण त्यांनी हात काढला नाही. तीनदा उचलून तीनदा टेकवली तेव्हा झेन पुढच्या भिंतीशी गेली आणि फाटक मोकळं झालं. आनंदनं महिनाभरापूर्वीच लायसन काढलेलं, त्यामुळे तो चार वेळा पुढं-मागं झाला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकानं त्याला वेगळा सल्ला दिला. अखेर आल्टो आत गेली. वंदना झाली, सगळ्यांचा चहा झाला. सत्यशीलाबाईंनी फाटकाची दोन्ही दारं स्वतःच्या हातानं लावली आणि उगाचच तिथं उभ्या राहिल्या.

साडेपाचला नागपूरवाला धावत आला. भिंतीशी गेलेली आपली गाडी बघून त्यानं लांबूनच हात जोडले.

“चुकलो, मावशी. तिथं जाऊन बसलो आणि हॅण्डब्रेकचं आठवलं. मग त्यांनी काय विचारलं अन् मी काय बोललो, काही समजलंच नाही.”

“मग?”

“तरी घेतलं त्यांनी. सोमवारपासून या म्हणाले.” तो हसला, मग त्याचं लक्ष बंद फाटकाकडे गेलं. “आता रोज गाडी लावायची पंचाईत आहे म्हणा. आली ना तुमची? आत आहे ना गाडी?”

सत्यशीलाबाईंनी आधी पदर सारखा केला. हा एक शब्द त्यांना घाईत उरकायचा नव्हता.

“आहे,” त्या म्हणाल्या.

त्यानं समजल्यासारखी मान डोलावली आणि तो आपल्या गाडीकडे वळला.

“अहो, ऐका,” सत्यशीलाबाईंनी हाक मारली. “आमचा आनंद त्याच्या ऑफिसच्या बसनं जातो. रविवारशिवाय गाडी काही बाहेर निघायची नाही. लावत जा इथंच.”

सत्यशीलाबाईंनी फाटकाची कडी एकदा हलवून पाहिली.

“पण विचारून लावायची,” त्या म्हणाल्या. “रोज.”