फेड्डेचं नाव

"पोराचं नाव काय ठेवलंत ते आधी सांगा," फेड्डे दारातूनच म्हणाला. कोट त्याने काढला नव्हता. टोपीही डोक्यावर तशीच होती.

बाळंतिणीला भेटायला आलेल्या दोन शेजारणी आतापर्यंत खिदळत होत्या. म्हातारा दिसताच त्यांनी कप खाली ठेवले आणि गाईंच्या धारा राहिल्यात असं म्हणून काढता पाय घेतला. दुपारचे दोन वाजले होते. धारांना अजून तीन तास होते. कुत्रं टेबलाखाली सरकलं. फेड्डेला यात काही वावगं वाटलं नाही. आपण आलो की माणसं गप्प होतात, याला तो जन्मभर मान म्हणत आला होता.

सून हिस्के दहा दिवसांच्या बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. मुलगा याउके कडक टोस्टला लोणी लावून त्यावर मुलगा झाला की वाटतात त्या निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या पसरत होता. "बाबा एक घेणार का?" त्याने विचारलं. बापाला तोंडावर 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणायची त्या मुलखात रीत नाही; त्याच्याशी बोलतानाही 'बाबा' असंच म्हणायचं.

"बाबा आधी नाव ऐकणार," म्हातारा म्हणाला. "मग खायचं की तुमच्या अंगावर फेकायचं ते ठरवणार."

मुलगा झाल्याची कार्डं गावभर गेली होती. चर्चची घंटा वाजवणाऱ्याला आलं, दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्यालाही आलं. फेड्डेला आलं नाही. कार्डावर नाव छापलेलं असतं. कुणाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, पण स्वतःच्या नातवाचं नाव परक्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे त्याला मरण होतं. दहा दिवस तो घरात धुमसत बसला आणि आज उठून आला.

गावच्या टेकाडावर, चर्चच्या आवारात, त्याच्या घराण्यातल्या थडग्यांचे सात दगड ओळीने उभे होते. याउके, फेड्डे, याउके, फेड्डे. आजोबाचं नाव नातवाला, असं सात पिढ्या चाललेलं. शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की फेड्डे हे नाव जुन्या भाषेतल्या शांती या शब्दावरून आलंय. शेजारी बसलेला पोरगा हसला, आणि फेड्डेने तिथल्या तिथे त्याचा दात पाडला. पुढे कुणी हसलं नाही.

थोरल्या लेकीने, बाउक्येने, नऊ वर्षांपूर्वी दगा दिला होता. पहिला मुलगा सासऱ्याच्या नावाचा, ते ठीकच. दुसरा आईच्या बापाच्या नावाचा असायला हवा. तिने त्याला नवऱ्याच्या काकाचं नाव दिलं. फेड्डेने ते कार्ड शेगडीत घातलं आणि त्या दिवसापासून लेकीचं नाव टाकलं. पण त्याने तेव्हा एक उतावळेपणा केला होता, जो कुणालाच माहीत नव्हता. ज्याचं नाव ठेवतात त्याने बाळाला चांदीचा चमचा द्यायचा असतो. त्याने नाव कळण्याआधीच स्नेक शहरातल्या सोनाराकडून तो करून घेतला होता, दांड्यावर 'फेड्डे' कोरून. नऊ वर्षं तो खणात काळा पडत होता. आज तो त्याच्या कोटाच्या खिशात होता, आणि हात चमच्यावर.

"बोलत का नाही?" तो सुनेकडे वळला. "दुसऱ्याच्या गाईंच्या धारा काढणाऱ्या गड्याची पोर तू. सिनेमातलं एखादं ठेवलं असशील."

"फेड्डे," हिस्के म्हणाली.

"काय?"

"बाळाचं नाव. फेड्डे."

म्हाताऱ्याने खिशातून चमचा काढला आणि टेबलावर ठेवला. तो मोठ्याने बोलला, "आलात ना शेवटी ताळ्यावर."

याउकेने चमचा उचलला नाही. हातातली सुरी मात्र खाली ठेवली.

"कार्ड मीच पाठवलं नाही. हे तोंडावर सांगायचं होतं," तो म्हणाला. "बाबांच्या मानासाठी हे नाव ठेवलेलं नाही. आई खिडकीतून बघून हळूच म्हणायची, फेड्डे आला. की बाउक्ये आणि मी पलंगाखाली. अजून कुणी ते नाव घेतलं की मी आधी दाराकडे बघतो. हिस्के म्हणाली, टाकून देऊ. मी म्हटलं, टाकलं तर ते कायमचं तसंच राहील. आता या घरात ते रोज हसून घेतलं जाईल. बाबा असले तरी, नसले तरी."

टोपी डोक्यावरच आहे हे विसरून फेड्डे ती शोधायला लागला, मग दाराकडे निघाला. त्याला कुणी थांबवलं नाही. त्याने कडीला हात घातला.

"फेड्डे," मागून आवाज आला. मऊ, लाडाचा. "अरे फेड्डे, माझ्या राजा."

सत्तर वर्षांत असं कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. कडी हातातून सुटली. "काय गं?" म्हणत तो वळला.

हिस्के बाळाकडे बघून हसत होती. तिने मान वर केली नाही.