अस्वलीची अंडी

जर्मनीतल्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर नागपूरला आम्ही नऊ जण बनवत होतो. दर सोमवारी तिथल्या उर्सुलाबाई फोनवरून काम समजावायच्या आणि "समजलं?" विचारायच्या. आम्ही "येस" म्हणायचो आणि महिन्याभराने भलतंच काहीतरी बनवून पाठवायचो.

शेवटी मे महिन्यात बाई स्वतःच आल्या. रविवारी मी त्यांना माझ्या गावी, सावलीला, घरी नेलं. अंगणात विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता आई पोरांना गोष्ट सांगत होती. मी ती बाईंना इंग्रजीत सांगत गेलो.

"मंग अस्वलीनं दोन अंडे देल्ले," आई म्हणाली.

"नाई वो आजी!" पोरं ओरडली. "पिल्ले झाले तिले!"

आई हसून पुढे सांगू लागली. मुद्दाम चुकलात का, असं बाईंनी माझ्याकरवी विचारलं.

"मंग? हो तं कोनीबी म्हणते. चूक पकडली का समजते, आयकून राह्यले."

बाई परत गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला. "पेशंट येतो, त्याचा केसपेपर निघतो, त्याला घरी सोडतात आणि मग त्याचं ऑपरेशन होतं. समजलं?"

"येस," आम्ही म्हणालो.

"नो," वर्षभर फोनवर एक शब्द न बोललेली आमच्यातली जोया म्हणाली. "आधी ऑपरेशन, मग घरी."

तिकडे बाई खळखळून हसल्या आणि पुढे सांगू लागल्या.

आईची गोष्ट त्यांना मीच समजावून सांगितली होती. आणि सगळ्यांच्या आधी "येस"ही मीच म्हणालो होतो.