उभा नारळ

"मॅडम, तुमचं यंत्र ठेवा जीपमध्ये. पानाड्या आला," सरपंच अर्जुनराव म्हणाले.

सुचितानं पाणी शोधायच्या यंत्रासाठी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्या उपटायला घेतल्या. भूजल खात्याच्या नोकरीत हे वाक्य तिनं इतक्या गावांत ऐकलं होतं, की आता राग यायचाही राहून गेला होता.

"बोअर एकच मंजूर आहे. कोरडा गेला तर दुसरा मिळणार नाही," तिनं सांगितलं. सांगायचं म्हणून.

"म्हनूनच तं बलावलं त्याले. मांगच्या वरसी शेजारच्या गावात यंत्रानं जागा दाखोली. निस्ती धूळ निंघाली."

सोजराबाई रिकामा हंडा घेऊन उभी होती. टेकडीपलीकडच्या विहिरीवर जाऊन जाऊन तिची कंबर वाकलेली. "लागन का वं माय पानी?" तिनं हळूच विचारलं. "आता मायानं टेकडी चढनं होत नाही."

सुचितानं वहीत टिपलेले यंत्राचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. वस्तीच्या कडेला बाभळीखाली बसून तिनं संत्रं सोललं. अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात बांधलं. साल तिथंच टाकून उठली.

"शिकलेले लोक असाच कचरा करतेत," मागून कुणीतरी म्हणालं.

म्हातारा पाणाड्या धोतर सावरत आला. तळहातावर आडवा नारळ.

"किती शिकल्या, मॅडम?"

"एमटेक."

"अन तरी पानी दिसत नाही? काऊन?"

गाव खदखदून हसलं. सुचिता खुंट्यांची माती झटकत राहिली.

पाणाड्या देवळामागं फिरला. सरपंचाच्या गोठ्यापाशी थांबला, तसे अर्जुनराव पुढं सरकले. नारळ हलला नाही. डोळे बारीक करून तो पुन्हा सगळीकडं हिंडला. लोकांची चुळबूळ सुरू झाली. शेवटी तो बाभळीखाली आला आणि नारळ थरथरत शेंडी वर करून उभा राहिला. त्याच्या टाचेखाली संत्र्याची साल चुरगळली.

तिथंच बोअरची गाडी लावली. उन्हं उतरता उतरता आधी धूळ, मग चिखल, मग पाणी उसळलं. सोजराबाई हंडा भरायचं विसरून नुसती भिजत राहिली. पोरांनी म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं.

"शिका काही त्याच्यापासून, मॅडम," अर्जुनराव म्हणाले.

"हो," म्हणून सुचितानं जीप सुरू केली.

गावाबाहेरच्या वळणावर पाणाड्या उभा होता. तिनं दार उघडलं. तो बसला, तसं रुमालातलं अर्धं संत्रं तिनं त्याच्या हातावर ठेवलं.

"उद्या हिवरा आश्रमाकडच्या गावात जायचंय," ती म्हणाली. "आज किती हिंडलात! साल दिसली नाही का, बाबा?"

म्हाताऱ्यानं संत्र्याची फोड डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"डोये अधू झाले आता, पोरी. उद्या अख्खं संत्रं ठेवजो."