सावकाश सांगा

पोलंडला आल्यापासून चार महिने सुनीती भाजी चिरताना कानात इअरफोन घालून पोलिश धडे ऐकायची. बाहेर मात्र कुणी काही बोललं, की नुसती हसून "ताक, ताक" म्हणायची. म्हणजे हो, हो.

आज नवरा कामावर होता आणि तापानं फणफणलेली मुलगी तिच्या मांडीवर. डॉक्टरबाईंनी औषधाची बाटली दाखवत भराभर काहीतरी सांगितलं आणि तिच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं "ताक" तिनं आवरलं.

"न्ये रोझुम्येम," ती म्हणाली. मला कळलं नाही. "प्रोशे वोल्न्येय." जरा सावकाश सांगा.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. किती औषध, किती तासांनी, सगळं पुन्हा सांगितलं. सुनीतीनं ते म्हणून दाखवलं. आकडा चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला, तेव्हाच ती मुलीला घेऊन उठली.