इराणशी संबंध नाही

रिसेप्शनच्या भिंतीवर तो फोटो पुन्हा लागला होता.

मॅनेजर विजयकुमारने डोळे चोळले. काल संध्याकाळी त्याने स्वतः तो उतरवून गाडीच्या डिकीत टाकला होता. फोटो तोच, फक्त आजची फ्रेम मोठी. मालक खैरुद्दीन शेठ इराणमधल्या बंदर अब्बासच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात गळा घालून हसत होते, आणि मागे कंपनीच्या प्लॅस्टिक पाइपांचा डोंगर.

"काय म्हणावं या माणसाला!" तो पुटपुटला. हा माणूस म्हणजे स्टोअरचा मुरलीधर. गेल्या वर्षी त्याचं इन्क्रिमेंट विजयकुमारने अडवलं होतं, तेव्हापासून त्याचा विजयकुमारवर दात होता.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या या पाइपांच्या फॅक्टरीत चाळीस टक्के हिस्सा अमेरिकेतल्या एका राज्याच्या पेन्शन फंडाचा होता. त्या राज्याने नवा नियम केला होता. इराणशी धंदा करणाऱ्या कंपनीत फंडाने पैसा ठेवायचा नाही. संबंध सापडला की तीन महिन्यांत आपला हिस्सा विकायचा, मिळेल त्या भावाला. तपासायला गुरुवारी त्यांची बाई येणार होती.

साल दोन हजार नऊ. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी उभ्या, पाइप घेणार कोण? त्यात अमेरिकन निघून गेले तर फॅक्टरीला टाळं, विजयकुमारचा व्हिसा कॅन्सल, आणि दहावीतल्या ईशानीला घेऊन परत पुणे. अल मजाजमधल्या त्यांच्या टॉवरमधली कितीतरी बिऱ्हाडं अशीच रातोरात गेली होती.

तो तरातरा शेठच्या केबिनमध्ये गेला.

"शेठ, फोटो परत लागलाय!"

"असं? कोणी लावला?" शेठनी चहात खारी बुडवली. "राहू दे की. भिंत मोकळी बरी नाही दिसत."

"अहो, मॅडमने बघितला तर आपण खलास! इराणचं काम आपण केव्हाच बंद केलंय ना?"

"केलंय बाबा, केलंय. इन्शाल्ला, सगळं चांगलं होईल. तू इतकं जिवाला नको लावून घेऊस."

किती मोठ्या मनाचा माणूस! विजयकुमारला भरून आलं. दोन महिन्यांपूर्वी याच अमेरिकनांना शेठनी विचारलं होतं, तुमचा हिस्सा मला परत विकता का? 'मंदीत आम्ही विकत नसतो,' असं तोऱ्यात उत्तर आलं होतं. शेठ आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. आणि आता त्याच लोकांसाठी ते एवढे शांत!

सोमवारी पॅन्ट्रीत फारसी कॅलेंडर उगवलं. मंगळवारी मीटिंग रूममध्ये इराणी पिस्त्यांचे डबे. बुधवारी तर कहर झाला. गोडाऊनच्या दारातच पाइपांच्या जोडांची खोकी, वर ठळक लेबल, बंदर अब्बास!

"मुरलीधर, लाज वाटते का जरा?"

"आईशप्पथ साहेब, मी नाही! मी आलो तेव्हा खोकी इथेच होती. सकाळी पहिलं कुलूप शेठच उघडतात, त्यांनाच विचारा."

"शेठचं नाव घेतोस?" विजयकुमार कडाडला. "निघ इथून. यल्ला!"

दुसरा कोणी असता तर त्याने सगळं कचऱ्यात फेकलं असतं. पण चांगली वस्तू फेकायची हे विजयकुमारच्या रक्तातच नव्हतं. घरी रिकाम्या जॅमच्या बाटल्यासुद्धा धुऊन ठेवलेल्या असत. खोकी, फ्रेमा, कॅलेंडर, सगळं डिकीत गेलं. धापा टाकत तो झाकण दाबत होता तेव्हा शेठ वर खिडकीत उभे होते. त्यांनी हात हलवला. यानेही हलवला.

घरी बायको, विभावरी म्हणाली, "पिस्ते टाकू नका हं. बर्फीला होतील."

ईशानी म्हणाली, "बाबा, अवर कार इज लाइक अ म्युझियम."

गुरुवारी मिस विटबी आल्या. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. दिवसभर त्यांनी फॅक्टरी पिंजून काढली. गोडाऊन बघितलं, पॅन्ट्रीतलं फडताळ बघितलं, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडेही बराच वेळ बघितलं. विजयकुमारचा शर्ट एसीत भिजला. मुरलीधरला त्याने दिवसभरासाठी अजमानला पाठवून दिलं होतं, कामाचं काहीतरी निमित्त काढून.

संध्याकाळी केबिनमध्ये मिस विटबी पहिल्यांदा हसल्या.

"मिस्टर खैरुद्दीन, अभिनंदन! इतकी स्वच्छ कंपनी मी आखातात पाहिली नाही. इराणचा इथे मागमूसही नाही."

विजयकुमारला वाटलं, बाईंच्या पायाच पडावं. वाचलो रे देवा! व्हिसा वाचला, पोरीची शाळा वाचली.

शेठच्या हातातला कप बशीवर खडखडला. बिचाऱ्यांना आनंद सोसवत नसावा.

"म्हणजे तुम्ही हिस्सा विकणार नाही?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही. काळजी सोडा."

"थोडासुद्धा?"

"एक शेअरही नाही!"

"हे सगळं श्रेय आमच्या विजयकुमारचं," शेठ हळूच म्हणाले.

विजयकुमारने लाजून मान खाली घातली. मिस विटबींनी त्याचा हात हातात घेऊन हलवला, पर्स उचलली. तिघं बोलत बोलत खाली पार्किंगमध्ये आले. ड्रायव्हरने मॅडमसाठी दार उघडून धरलं होतं. यंदा दिवाळीला बर्फी शेठच्या घरी पहिली पोचवायची, असं विजयकुमारने मनाशी ठरवून टाकलं.

शेठनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, जाता जाता आमच्या विजयकुमारच्या गाडीची डिकी तेवढी बघून जा."